ताई खिसा झटकते

माझी ताई खिसा झटकते. अंगावरच्या कपड्याचा नव्हे, कॉम्प्युटरचा. हे नीट कळलं नाही तर पुढचं काहीच कळणार नाही, म्हणून आधी तेच सांगते. सांगताना माझं काही इकडचं तिकडे झालं तर ताई शेजारी बसलीच आहे, ती टोकेल. टोकल्याशिवाय तिला राहवतही नाही म्हणा.

ताई घरी बसून टायपिंग करते. पोटाची सोनोग्राफी करणारे एक डॉक्टर आहेत. पेशंटला तपासताना जे दिसेल ते बोलून रेकॉर्ड करतात, आणि ती रेकॉर्डिंगं ताईच्या कॉम्प्युटरवर येतात. ताई कानाला हेडफोन लावते, ऐकते, रिपोर्ट टाइप करते आणि परत धाडते. भावोजी गेल्यापासून तिचा दिवस असाच जातो. खिडकीला लावलेलं टेबल, मी शिवलेली उशी घातलेली खुर्ची आणि दुसऱ्यांची पोटं. कुणाचं यकृत कसं आहे हे तिला त्या माणसाच्या बायकोच्या आधी कळतं, पण एक अक्षर बाहेर सांगणार नाही. मी खोदून खोदून विचारलं तर म्हणते, "तू तुझी शिलाई बघ."

मी शिंपीण. घराच्या पुढच्या खोलीत दुकान, कपडे कमीजास्त करून देते. तर माझी शिलाई मी बघते, पण ताईचं कामही मला तोंडपाठ झालंय, इतक्या वेळा मी तिच्या मागे उभी राहून चहा प्यायलेय. रिपोर्टमधली निम्मी वाक्यं सगळ्यांना सारखीच असतात. 'मूत्रपिंडं व्यवस्थित', 'खडा दिसत नाही', असली. ती दरवेळी कोण टाइप करत बसणार? ती जुन्या रिपोर्टमधून कॉपी करायची आणि नव्यात पेस्ट करायची. आता तिला ज्यांनी कॉम्प्युटर शिकवला त्या मास्तरांनी सांगितलं होतं, की कॉम्प्युटरला एकच खिसा असतो. कॉपी केलेलं त्या खिशात जातं, नवीन घातलं की जुनं पडतं. ताईने ते असं मनावर घेतलं की विचारू नका. एका पेशंटचं वाक्य खिशात राहून दुसऱ्याच्या पोटात जायला नको, म्हणून प्रत्येक रिपोर्ट संपला की ती रिपोर्टमधली एक नुसती मोकळी जागा कॉपी करते. म्हणजे खिशात मोकळी जागा, म्हणजे खिसा रिकामा. आणि मग तळाशी जाऊन एकदा पेस्टचं बटण दाबते. काही उमटलं नाही की झालं, खिसा झटकून झाला. स्वयंपाक झाल्यावर ओटा पुसावा तसं. हे करताना डाव्या हाताने बटणं आणि उजव्या हाताने चष्मा काढून पदराला नाहीतर ओढणीला, जे हाताला लागेल त्याला पुसणं, हे ठरलेलं. मग सेव्ह, मग रवाना.

एवढी काटेकोर बाई. आणि तिच्याच रिपोर्टमध्ये चुका यायला लागल्या.

पहिल्यांदा दवाखान्याच्या रिसेप्शनवरच्या मुलीचा फोन आला. "काकू, रिपोर्टच्या खाली एक ओळ जास्तीची आलीय, मी काढून टाकली हं." ताई म्हणाली बरं. मग पुन्हा आला. मग रोज यायला लागला. पित्ताशय काढून टाकलेल्या बाईच्या रिपोर्टखाली 'पित्ताशय व्यवस्थित आहे'. ताईने फाइल उघडून बघितलं तर खरंच होतं. सहीच्या खाली, एकटंच लटकलेलं.

"मी हे टाइप केलेलं नाही गं," ती मला फोनवर म्हणाली.

"मग कुणी केलं? भुताने?" मी म्हटलं. मला हसू येत होतं, खोटं कशाला सांगू.

"घरात मी एकटी आहे, छोटे. माझ्याशिवाय कोण करणार?"

छोटी म्हणजे मी. नातवंडं व्हायची वेळ आली तरी छोटीच. तिचा आवाज ऐकून माझं हसू जागच्या जागी विरलं.

तिने काळजी वाढवली. प्रत्येक रिपोर्ट दोनदा वाचायची, मोठ्याने वाचायची, बोट लावून वाचायची. वाचून खात्री झाली की खिसा झटकायची, आणि धाडायची. तरी ओळ यायचीच. मग ती खिसा दोनदा झटकायला लागली, तर दोन ओळी यायला लागल्या! एका रिपोर्टखाली तर 'खडा दिसत नाही, खडा दिसत नाही', जसं काही कुणी हट्टाने सांगतंय. आणि एके दिवशी एका चांगल्या मिशाळ गृहस्थाच्या रिपोर्टखाली लिहून गेलं, 'गर्भाशयाचा आकार नेहमीसारखा'. गृहस्थ रिपोर्ट घेऊन दवाखान्यात उभे राहिले. आरडाओरडा नाही, काही नाही, फक्त म्हणाले, "डॉक्टर, हे मला आधीच सांगायचं होतंत."

मी ऐकलं तेव्हा पोट धरून हसले. ताई हसली नाही. डॉक्टरांनी तिला स्वतः फोन केला होता. रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "ताई, तुम्ही थोडी विश्रांती घ्या. वयाप्रमाणे होतं असं." त्या मऊ बोलण्याने ती पार ढासळली.

कारण आमच्या आईचं असंच सुरू झालं होतं. आधी मीठ दोनदा. मग नावांची अदलाबदल. मग घरात उभी राहून 'मला घरी ने' म्हणायला लागली. ताईने तिला शेवटपर्यंत सांभाळलं, अंघोळीपासून सगळं. मी दुकानाचं निमित्त सांगून आठवड्याला एक फेरी मारायची, आणि आई मला बघून फुलायची. जी रात्रंदिवस राबत होती तिला मात्र विचारायची, "बाई, तुम्ही कोण?"

तर एके संध्याकाळी ताई माझ्या दुकानात येऊन बसली. मी एका गिऱ्हाइकाच्या कोटाच्या बाह्या कापत होते. ती म्हणाली, "मला आईचं लागलंय. मी डॉक्टरांना कळवलंय, या महिन्यानंतर काम नको. तू मला एक वचन दे. माझं तसं झालं तर मला घरात ठेवायचं नाही. जिथे असली माणसं ठेवतात तिथे नेऊन घालायचं. मी जे केलंय ते मी तुला करू देणार नाही."

मी कात्री आपटली. "मूर्ख आहेस का तू? वचन दे म्हणे! तुला मी कुठेही पाठवणार नाही. समजलं? कुठेही! तू मला बाई तुम्ही कोण विचारलंस तरी मी इथेच, माझ्या उशाशी खाट टाकून तुला ठेवणार. आणि तुला काही झालेलं नाही. झालं असतं तर मला कळलं असतं!"

"ओरडू नकोस. बाहेर गिऱ्हाईक आहे."

"असू दे!"

गिऱ्हाईक गेलंच निघून. ताई गेल्यावर बघते तर मी दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या होत्या. तिच्या काळजीने माझी अशी दैना झाली होती. शिवताना अंगठीसारखी बोटात घालायची टोपी सापडायची नाही, गॅसवर दूध ठेवून मी दुकानात येऊन बसायची, लेक कावायची. मी म्हणायची, तुझ्या मावशीचं हे असं चाललंय, माझं डोकं ठिकाणावर राहील तरी कसं?

वचन काही मी दिलं नाही. पण ताईने दुसरी एक गोष्ट माझ्याकडून कबूल करून घेतली. "रोज सकाळी मला फोन कर आणि आदल्या दिवसाचा एक प्रश्न विचार. आईला ते डॉक्टर विचारायचे ना, तसा. मला माझं बघायचंय, किती राहिलंय ते."

मला हे अजिबात पटलं नाही. पण मोठी बहीण सांगतेय म्हटल्यावर करायला लागले. रोज उठल्यावर डोकं खाजवून प्रश्न शोधायचा. काल अंगात काय घातलं होतंस, काल भाजी कुठली केलीस, असलंच काहीतरी, आणखी काय विचारणार? कपड्यांचं विचारलं की मी वर बजावायची, "खुंटीकडे बघून नको सांगूस हं!" ती उत्तर द्यायची, बरोबरच द्यायची. पण मी प्रश्न विचारला की आधी थांबायची. जरासं, पण थांबायची. मला वाटायचं, शोधतेय बिचारी. कपाटात हात घालून चाचपडतेय.

शेवटी मी म्हटलं, हे काही खरं नाही. दुकान बंद ठेवलं आणि सकाळचा फोन झाल्या झाल्या तिच्याकडे जाऊन तिच्या खुर्चीमागे स्टूल टाकून बसले.

"तू कर काम. मी बघते."

"तुला काय कळणार त्यातलं?"

"उसवलेलं कुठे आहे ते मला लांबूनही दिसतं. कर."

तिने केलं. ऐकलं, टाइप केलं, वाचलं, बोट लावून पुन्हा वाचलं. मीही वाचलं. रिपोर्ट धुतल्या तांदळासारखा स्वच्छ. मग तिने सवयीने मोकळी जागा कॉपी केली, तळाशी गेली, डाव्या हाताने बटण दाबलं आणि उजव्या हाताने चष्मा काढला.

आणि तिच्या डोळ्यांवर चष्मा नसताना सहीच्या खाली टपकन एक ओळ उमटली.

"थांब!" मी एवढ्या मोठ्याने ओरडले की तिचा चष्मा खाली पडला. "हे आत्ता काय आलं?"

"काय आलं?"

"हे! 'प्लीहा व्यवस्थित'! कुठून आलं हे?"

ती वाकली, चष्मा घातला, बघत राहिली. "मी तर खिसा झटकला."

"मग झटकताना पडलं की काय?"

"अगं, मोकळी जागा घातली होती मी खिशात. मोकळ्या जागेतून प्लीहा कशी येईल?"

आम्ही पुन्हा केलं. पुन्हा प्लीहा. तिने मोकळी जागा कॉपी केली, मी कॉपी केली, दोन मोकळ्या जागा कॉपी केल्या. दरवेळी प्लीहा हजर. दोघी बहिणी त्या पडद्याकडे बघत बसलो. खिसा रिकामा करावा आणि तो आपला आपण भरावा, हे काय गौडबंगाल? पण एक गोष्ट मला दिसत होती, की हे ताई करत नव्हती. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं. मी लेकीला फोन लावला आणि म्हटलं, असशील तशी ये.

लेक ऑफिसातून आली, तोंड फुगवून. तिने खुर्चीत न बसताच पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळाशेजारच्या एका बारक्या चित्रावर टिचकी मारली. लांबलचक पट्टी उघडली. त्यात ओळीखाली ओळ, ताईने कॉपी केलेलं एकूण एक. यकृत, प्लीहा, खडे, गर्भाशय, सगळी मंडळी.

"हा क्लिपबोर्ड मॅनेजर आहे, मावशी. मी कॉम्प्युटर साफ करायला आले होते तेव्हा टाकून दिला. तुझं काही हरवू नये म्हणून. आधी एकच कॉपी राहायची, आता शेकडो राहतात."

"म्हणजे खिसे वाढवलेस?" ताईने विचारलं.

"हो. आणि यात एक सोय असते, खिसा रिकामा राहू द्यायचा नाही. तू नुसती मोकळी जागा कॉपी केलीस तर त्याला वाटतं, चुकून पुसलं गेलं. मग ते आपणहून आधीचं परत आणून ठेवतं. या रिपोर्टमध्ये काही कॉपी केलेलं नसलं तर आदल्या पेशंटचंसुद्धा."

"आणि मी ते पेस्ट करते."

"पण मोकळी जागा पेस्ट कोण करतं, मावशी? जगात कुणीच करत नाही!"

"मी करते," ताई म्हणाली.

माझं टाळकं सरकलं. "अगं कार्टे, एवढा घोळ घालून ठेवलास तर मावशीला सांगायला काय झालं होतं? इथे ही स्वतःला वेड्यात काढून बसलीय!"

"मावशी तेव्हा रेकॉर्डिंग ऐकत होती. मी तुला सांगितलं ना आई, सगळं समजावून. म्हटलं तिचं काम झालं की तिला सांग. तू हो म्हणालीस."

"मला? कधी?"

"त्याच दिवशी. जाताना. आणि परत फोनवरही."

"काहीही बोलू नकोस. मला सांगितलं असतं तर माझ्या लक्षात राहिलं नसतं का?"

लेकीने माझ्याकडे नुसतं बघितलं. त्या सोयीपुढच्या चौकोनातली खूण काढून टाकली आणि ताईला म्हणाली, "आता झटक."

ताईने मोकळी जागा कॉपी केली. बटण दाबलं. या वेळी चष्मा काढला नाही. सहीच्या खाली काही उमटलं नाही. पांढरं ते पांढरंच. ती त्या पांढऱ्याकडे बघत राहिली आणि मग रडायला लागली, लहान मुलीसारखी, नाक वर ओढत. "मी नाहीये गं आईसारखी," ती म्हणाली. "मी नाहीये." मीही रडले. लेक दोघींच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली, आणि मग परत ऑफिसला पळाली. ताईने डॉक्टरांना फोन करून सगळं सांगितलं. ते एवढे हसले म्हणे की त्यांना पुढचा पेशंट थांबवावा लागला. काम चालूच ठेवा म्हणाले.

मी चहा टाकला. मला अगदी पिसासारखं हलकं वाटत होतं. "बघ, मी म्हणत नव्हते? तुझं डोकं शाबूत आहे. आता ते सकाळचे प्रश्न बंद. मला रोज नवीन काय विचारायचं म्हणून जीव मेटाकुटीला आला होता."

ताईने कप उचलला नाही.

"छोटे," ती म्हणाली, "आज सकाळी तू मला काय विचारलंस?"

"आज? आज ते... भाजीचं."

"नाही."

"मग शेजारच्यांचं काहीतरी. काय करायचंय आता ते?"

"काल अंगात काय घातलं होतंस, हे विचारलंस. खुंटीकडे बघून नको सांगूस, म्हणालीस."

"बरं मग?"

"कालही तेच विचारलंस. परवाही तेच. पहिल्या दिवसापासून रोज तेच विचारतेस."

मी हसले. "चल! मी रोज डोकं खाजवून..."

"मला आधी वाटलं, मुद्दाम करतेस. माझ्या लक्षात येतं का बघायला. मग मला भीती वाटायला लागली. वाटलं, ही रोज वेगळं विचारतेय आणि मलाच तेच ऐकू येतंय. म्हणून मी थांबायची. फोन ठेवला की तेच धरून बसायची. आईचं लागलंय याची माझी खात्री त्या ओळींनी नाही झाली गं, त्या प्रश्नाने झाली."

बाहेर कुणीतरी जिन्यावरून बादली आपटत नेत होतं. मी आठवायला लागले. एक तरी दुसरा प्रश्न. भाजीचा विचारला होता ना मी? कधी विचारला? काय म्हणाली होती ती, कुठली भाजी? मला एकही भाजी आठवेना. आठवल्या त्या दोन डाव्या बाह्या. आणि लेकीचं ते न बोलता बघणं.

"आणि माझं डोकं जर शाबूत असेल," ताई बोलता बोलता थांबली.

"दमलेय मी," मी म्हटलं. "दुसरं काही नाही. तुझ्या काळजीने झालंय. एवढं काय त्यात! कुणीही विसरतं!" माझा आवाज चढला होता, मलाच ऐकू येत होता.

"हो. काळजीने असेल," ताई म्हणाली. "आपण दोघी जाऊन एखाद्या डॉक्टरांना विचारू. साधं कारण निघेल, माझं निघालं तसं." तिने माझा हात धरला, सुया टोचून खडबडीत झालेला. "आणि नाही निघालं, तर तुला मी कुठेही पाठवणार नाही. समजलं? कुठेही."

मला खूप राग आला. कुणाचा ते कळेना. मी तो थंड चहा एका घोटात पिऊन टाकला आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून तोंड धूत होते तेवढ्यात फोन वाजला. या वेळी तिने केला होता.

"छोटे, काल अंगात काय घातलं होतंस?"

मी फोन कानाशी धरून हळूच मान वळवून दाराआडच्या खुंटीकडे बघितलं.

"बघून नको सांगूस," ताई म्हणाली.